अभिसारी उत्क्रांती हमखास कशी सापडवावी

दूरच्या नात्यातल्या प्राण्यांत एकच गुण स्वतंत्रपणे घडला, तर ती अभिसारी उत्क्रांती. ती जनुकांत हमखास सापडवायची, तर आधी गोष्ट ठरवा, विदा नंतर. प्राणी देखणे हवेत: वटवाघूळ, डॉल्फिन, पांडा. घुशीवर काम करून कुणाचा फोटो छापून आलाय?

मग वंशवृक्षावर फोरग्राउंडच्या, म्हणजे जिथे अभिसरण शोधायचंय त्या, फांद्या रंगवा. कुठल्या, ते निकाल बघून ठरवलेलं बरं. वॉलरसमुळे पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) बिघडते? वॉलरस तसाही अर्धवेळच पाण्यात असतो. वगळा.

रंगवलेल्या सगळ्या फांद्यांना एकच ओमेगा (प्रथिन बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या बदलांचं गुणोत्तर; एकच्या वर गेलं की अनुकूल निवड) देऊन ब्रांच-साइट चाचणी, म्हणजे ठरावीक फांद्यांवर अशी निवड शोधणारी चाचणी, चालवा. एकट्या डॉल्फिनने ओमेगा एकच्या वर ओढला आणि वटवाघूळ नुसतं लटकत राहिलं, तरी निकालात दोघांचं नाव लागतं. एकत्र कुटुंबात कमावणारा एक असला की भागतंच ना!

अलाइनमेंट (एकाखाली एक लावलेले जनुकांचे क्रम) उघडून बघू नका. चुका दिसतात.

जनुकावर नैसर्गिक निवडीचा दाब वाढलाय की नुसता सैल पडलाय, असं विचारणारे लोक मत्सरी असतात.

20,000 जनुकं 0.05 या पी-व्हॅल्यूच्या मर्यादेवर तपासली की हजारभर निव्वळ योगायोगाने पास होतात. त्यातली कानाशी नातं सांगणारी तेवढी आकृतीत घाला, शुक्राणूंची वगैरे पुरवणीत ढकला.

आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी तो गुण नसलेले प्राणी, घेऊ नका. गाय तर मुळीच नको! 2013 साली ‘नेचर’मध्ये 22 सस्तन प्राण्यांचे जीनोम तपासून, प्रतिध्वनी ऐकून वाट शोधणाऱ्या वटवाघळांत आणि डॉल्फिनमध्ये जवळपास 200 जनुकांत अभिसरण असल्याचं जाहीर झालं. केवढा गाजावाजा! 2015 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तीच जुळणी पुन्हा मोजली. डॉल्फिनच्या जागी गाय घातली तरी काही कमी भरेना. गाय अंधारात प्रतिध्वनीवर गोठा शोधते असं निदान मी तरी पाहिलेलं नाही. त्याच वर्षी ओर्का, वॉलरस आणि मॅनेटी या पाण्यातल्या सस्तन प्राण्यांचे जीनोम तपासणाऱ्यांनी त्यांचे जमिनीवरचे भाऊबंदही तपासले: गाय, कुत्रा, हत्ती. जुळण्या तिथेच जास्त निघाल्या, आणि त्यांनी ते सरळ छापलं.

हे सगळं छापील आहे, कुणालाही वाचता येतं. तरी गेल्या आठवड्यात माझ्याकडे परीक्षणाच्या दुसऱ्या फेरीला आलेल्या हस्तलिखितात तोच डॉल्फिन, तेच वटवाघूळ, कंट्रोलचा पत्ता नाही. पहिल्या फेरीत विचारलं होतं, प्रतिध्वनी न वापरणारी एखादी जोडी का नाही तपासली? उत्तर आलं, ‘त्यांच्यात अभिसरण अपेक्षित नाही.’ अहो, अपेक्षित नाही म्हणूनच तपासायचं असतं! प्रथिनातल्या एखाद्या जागी दोन-तीनच अमिनो आम्लं चालत असतील, तर दूरदूरच्या फांद्या अनुकूलनाशिवायही त्यांच्यावरच येऊन थडकणार. त्या किती थडकतात हे मोजल्याशिवाय तुमच्या आकड्याला अर्थ काय? अलाइनमेंट मागितले, तर म्हणे ‘वाजवी विनंती केल्यास मिळतील’. परीक्षकाची विनंती वाजवी नाही, तर मग कुणाची?

1987 मध्ये हनुमान लंगूर आणि गाय यांच्या जठरातल्या लायसोझाइममधलं अभिसरण दाखवणाऱ्यांकडे जीनोम नव्हते. पण हे विकर जठरात, आम्लात काम कसं करतं, हा प्रश्न होता. तुमच्याकडे संगणकांचा क्लस्टर आहे, शेकडो जीनोम फुकट आहेत, आणि एक गाय जोडायचा कंटाळा! विद्यार्थ्याकडून आकृतीचे रंग दहादा बदलून घेता, नल मॉडेल (अनुकूलन नाही असं धरून केलेला हिशेब) एकदा चालवून घेत नाही. तो बिचारा उद्या हेच बरोबर समजून आपल्या विद्यार्थ्यांना शिकवेल. पुढच्या फेरीतही गाय दिसली नाही, तर संपादकांना सविस्तर लिहिणार आहे, आणि खाली स्वतःचं नाव घालून.