झाकण मिटल्यावर झोपायला काय होतं?

लॅपटॉपचं झाकण मिटायचं, बॅगेत टाकायचा, नंतर उघडून काम पुढे सुरू करायचं. लिनक्सवर एवढंही धड होऊ नये? बॅग उघडावी तर आतून गरम वाफ, पंखा घोंघावतोय, बॅटरी तळाला गेलेली. आणि लॉग, म्हणजे सिस्टिमची नोंद, म्हणतो सस्पेंड (झोपवणं) यशस्वी! कसलं डोंबलाचं यशस्वी?

आधी एस-थ्री हा झोपेचा प्रकार होता. रॅमपुरती वीज चालू, बाकी जवळपास सगळं बंद. आता त्याच्या जागी एस-टू-आयडल आलंय. यात प्रोसेसर नुसता रिकामा बसतो आणि बाकीच्या प्रत्येक भागाने आपणहून शांत व्हायचं असतं. एसएसडी किंवा वायफाय कार्ड यांपैकी एक जरी अडून बसलं, तरी अख्खी मशीन अर्धवट जागी राहते. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, झोपेचे पर्याय दाखवणारी मेम-स्लीप फाइल बघितली तर त्यात 'डीप' (म्हणजे एस-थ्री) हा पर्यायच नाही, कारण लॅपटॉप बनवणाऱ्याने फर्मवेअरमधूनच, मशीनमध्ये आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरमधूनच, एस-थ्री काढून टाकलंय. कोणाला विचारून काढलं? मग बूटच्या वेळी कितीही पॅरामीटर द्या, फर्मवेअर जे देतच नाही ते कर्नल आणणार कुठून?

मग अडून बसणारा भाग झोपेआधी बंद करायला स्क्रिप्टा लिहा. जुना सल्ला असतो, पीएम-युटिल्सच्या (आधी झोपवायचं काम करणारी साधनं) स्लीप-डी फोल्डरमध्ये टाका. टाकली. काहीच होत नाही, कारण आता झोपवायचं काम सिस्टिमडीकडे, म्हणजे सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, आहे आणि ते त्या फोल्डरकडे ढुंकूनही बघत नाही. एरर नाही, इशारा नाही. सिस्टिमडीच्या सिस्टिम-स्लीप फोल्डरमध्ये हलवावी, तर स्क्रिप्टला मिळणारे शब्द, म्हणजे आर्ग्युमेंट, वेगळे. तिकडे 'सस्पेंड' आणि 'रिझ्यूम' होते, इकडे 'प्री' आणि 'पोस्ट'. एक्झिक्युटेबल परवानगी नसेल तर फाइल गुपचूप वगळली जाते. सगळ्या स्क्रिप्टा एकाच वेळी सुटतात, म्हणजे हिच्यानंतर ती, असा क्रमही लावता येत नाही. सिस्टिमडीच्याच मॅन्युअलमध्ये या स्क्रिप्टांना जुगाड समजा, असं लिहिलंय. अहो, मग ज्याचं हार्डवेअर जुगाडाशिवाय झोपतच नाही त्याने काय करायचं?

सर्वांत संताप आणते ती एसीपीआयची (फर्मवेअर आणि कर्नल यांच्यातली वीज सांभाळायची व्यवस्था) वेकअप फाइल, कोणता भाग लॅपटॉप उठवू शकतो ते ठरवणारी. लॅपटॉप कोण उठवतंय हे शोधत यूएसबी कंट्रोलरपर्यंत पोचलात, त्याचं नाव या फाइलमध्ये लिहिलंत की तो बंद होतो. छान. पण तेच नाव पुन्हा लिहिलं की तो पुन्हा चालू! बंद कर म्हणायची सोयच नाही, फक्त आहे ते उलट कर. म्हणजे दर सस्पेंडला हीच ओळ चालवणारी स्क्रिप्ट एकदा दुखणं बरं करते आणि पुढच्या वेळी स्वतःच परत आणते. रीबूट केलं की सगळं मूळपदावर. असली फाइल बनवताना कोणाच्या मनात एकदाही आलं नाही का, की माणूस ही स्क्रिप्टमधून वापरणार आहे?

टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही वीज वाचवणारी दोन साधनं एकत्र बसली की एकमेकांच्या सेटिंगा पुसतात, झाकण मिटल्यावर काय करायचं यावर लॉगिनडी (सिस्टिमडीचाच एक भाग) आणि डेस्कटॉप दोघांचा हक्क. ते तर वेगळंच.

आणि खरं काय झालं ते कर्नलला माहीत असतं, म्हणून जास्त चीड येते. 2023 मध्ये आलेल्या कर्नल 6.4 पासून सस्पेंड-स्टॅट्समध्ये, म्हणजे झोपेच्या आकडेवारीत, 'लास्ट एचडब्ल्यू स्लीप' आहे. मागच्या सस्पेंडमध्ये हार्डवेअर प्रत्यक्ष किती वेळ झोपलं ते मायक्रोसेकंदात. ज्या मशीनवर हा आकडा मिळतो, तिथे तरी तो उघडून बघायला रात्रभर खोदकाम का करावं लागतं? आकडा शून्य असेल तर यशस्वी लिहू नका. लॅपटॉप उघडताक्षणी समोर मोठ्या अक्षरांत दाखवा: झोपलाच नव्हता, आणि कोणामुळे ते नावासकट.