डब्ल्यूसीचा प्रीमियम झटपट कसा उतरवावा

विमा एजंट मित्रांनो, कारखानदाराचा खर्च वाचवणं हे पुण्यकर्म आहे. गेल्या आठवड्यात एका छोट्या वर्कशॉपच्या डब्ल्यूसी पॉलिसीचं, म्हणजे कामावर अपघात झाला तर कामगाराला द्यायच्या भरपाईच्या विम्याचं, रिन्युअल होतं. तिथले हिशेब मी बघतो, म्हणून समोर बसलो होतो. एजंटसाहेबांनी बसल्या बैठकीला प्रीमियम असा काही खाली आणला की मालक हरखूनच गेले. ही विद्या एकट्यापाशी राहू नये, म्हणून हा प्रपंच.

पहिलं पथ्य, शॉपवर पाऊल टाकू नका. केबिनला एसी असतो. शिवाय आत गेलं की प्रेसचा, म्हणजे धातू दाबून आकार देणाऱ्या मशीनचा, हात आत जाऊ नये म्हणून असलेला गार्ड काढून कोपऱ्यात उभा केलेला दिसतो, आणि एकदा दिसला की बोलावं लागतं.

दहावा माणूस मस्टरवर येऊ देऊ नका. उगाच ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा योजना, लागेल.

प्रेस ऑपरेटरला फॉर्मवर ‘पॅकिंग हेल्पर’ करा. काम जितकं निरुपद्रवी, दर तितका कमी.

उरलेले सगळे ठेकेदाराचे म्हणा. त्यांची भरपाईही कायदा मूळ मालकाकडूनच वसूल करतो, पण तो विषय क्लेमच्या वेळचा. तोवर तुमचं कमिशन जमा झालेलं असतं.

औषधपाण्याचं वाढीव कव्हर? छे, प्रीमियम वाढतो.

आता हुकमी एक्का: पगार कमी लिहा. हातात १५,००० पडत असले तरी पॉलिसीत १०,००० दाखवा, वरचे व्हाउचरवर. मालक खूश, तुम्ही खूश. मग एक दिवस तीस वर्षांच्या पोराची दोन बोटं प्रेसच्या डायखाली, म्हणजे साच्याखाली, जातात. एका हाताची दोन बोटं म्हणजे कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे कमाईची ताकद २० टक्के गेली. पगाराचे ६० टक्के, गुणिले कायद्याने वयाप्रमाणे ठरवलेला गुणक, तीस वर्षांना २०७.९८, आणि त्याचे २० टक्के. १५,००० वर ३,७४,३६४ रुपये होतात, १०,००० वर २,४९,५७६. पोरगा व्हाउचर घेऊन भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभा राहतो. विमा कंपनी म्हणते, आम्ही प्रीमियम घेतला तेवढ्यावरच देणार, आणि मुळात हा हेल्पर प्रेसवर करत काय होता? वरचे १,२४,७८८ कोण भरणार? मालक. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर वर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात होतं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. तो दंड विमा कंपनी भरत नाही. प्रीमियममध्ये वाचवलं ते किती, काही हजार?

हे मी कल्पनेतलं सांगत नाही. याच शॉपमध्ये, याच साहेबांच्या पॉलिसीवर हे झालंय. त्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येऊ नये, म्हणूनच ती दोन असतात. त्यातलं एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं होतं, पीस पटापट निघावेत म्हणून. पट्टी काळी पडली होती, म्हणजे कालपरवाची नव्हती. केबिनपासून ती प्रेस हाकेच्या अंतरावर. कोणी उठून बघितलं? मालकाने नाही, त्याला प्रॉडक्शन हवं. आणि साहेब, तुम्हीही नाही! वर परवा रिन्युअलला हसत विचारलंत, “क्लेम-बिम काही नाही ना यंदा?” अहो, फेटाळलेला क्लेम तुमच्याच फाइलला लावलाय. त्या पोराचं नाव तरी आठवतंय का तुम्हाला?

उपरोध पुरे. खर्च कमी करायचा एकच रस्ता आहे, अपघात कमी करणं, आणि तो तुम्हाला परीक्षेआधीच्या प्रशिक्षणातही शिकवला असणार. रिन्युअलच्या आधी शॉपवर एक फेरी मारा. बटणं चालतात का, गार्ड जागेवर आहे का ते बघा. कोण कुठल्या मशीनवर उभं आहे ते त्यालाच विचारा आणि तेच फॉर्मवर लिहा. पगार खरा लिहा. मालक कुरकुरला तर वरचा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. एवढंही होत नसेल, तर दुसरा धंदा बघा.