कार्ड त्यांचं, वाट बघणं आपलं

क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांच्या ताफ्यात, जीपीयू (जड हिशेब झपाट्याने करणारी कार्डं) मोजके आणि उमेदवार शंभर. त्यात जीपीयूच्या नोडवर (ताफ्यातल्या त्या सर्व्हरवर) कोणीतरी कोडचं नोटबुक उघडं टाकून गायब झालेलं असतं, एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाचा हालहवाल सांगणारी कमांड मारली की मेमरी फुल्ल आणि युटिलायझेशन शून्य टक्के, म्हणजे स्वतः वापरायचं नाही आणि दुसऱ्याला मिळू द्यायचं नाही. म्हणून मग रिमोट जीपीयू. प्रोग्राम आपल्या नोडवर, कार्ड पलीकडच्या रॅकमध्ये, आणि मधली लायब्ररी प्रत्येक कुडा कॉल (प्रोग्रामने कार्डाला सोडलेला हुकूम) पकडून नेटवर्कवरून तिकडे धाडते, प्रोग्राम बिचारा समजतो कार्ड इथंच आहे. स्पेनमधल्या वेलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या लोकांनी आरकुडा नावाने हेच करून दाखवलंय, त्यामुळे कल्पना काही हवेतली नव्हती.

आम्हीही तसाच जॉब टाकला, तर इतका हळू की सीपीयूवर टाकला असता तर बरं. मीटिंगमध्ये एकच सूर, लिंक फास्ट घ्या. अहो, 100 गिगाबिटचं इन्फिनीबँड, म्हणजे सर्व्हर जोडणारं वेगवान नेटवर्क, आहे की! म्हणजे सेकंदाला साडेबारा गिगाबाइट, आणि कार्ड ज्यात बसतं तो पीसीआयई 3 चा 16 लेनचा स्लॉट कागदावरसुद्धा जेमतेम 16 देतो. (मीटिंगमध्ये बिट आणि बाइट एकच असतात.)

घोडं पेंड खात होतं भलतीकडेच. आमचा प्रोग्राम म्हणजे बोलघेवडा. दर कॉपीनंतर 'झालं का?', दर कर्नलनंतर (कार्डावर चालणाऱ्या कोडच्या तुकड्यानंतर) 'काही एरर?', मधेच 'मी कुठल्या डिव्हाइसवर आहे?' कार्ड आपल्याच डब्यात असताना हे लाड परवडतात, इथे प्रत्येक प्रश्नाला नेटवर्कची एक फेरी, आणि तीही इन्फिनीबँडवर टीसीपी हा नेहमीचा नेटवर्क प्रोटोकॉल चालवून, म्हणजे प्रत्येक पाकीट ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाया पडून पुढे जाणार.

मग आरडीएमए लावलं (ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता नेटवर्क कार्ड थेट पलीकडच्या मेमरीशी देवाणघेवाण करतं), फेरी काही मायक्रोसेकंदांवर आली. डिव्हाइस कुठलं ते लायब्ररीनेच जागच्या जागी सांगायचं, उत्तराची घाई नसलेले कॉल गठ्ठ्याने पाठवायचे, मोठा डेटा तुकडे करून पिन्ड, म्हणजे रॅममध्ये जागेवर खिळवलेल्या, मेमरीतून सोडायचा, म्हणजे एक तुकडा वायरवर असतो तोवर आधीचा कार्डात उतरतो. एवढ्यावर जॉब पळायला लागला.

राहिलं जीपीयूडायरेक्ट. त्यात नेटवर्क कार्ड सरळ जीपीयूच्या मेमरीत लिहितं, तिकडच्या रॅममधला मुक्काम वाचतो. फक्त दोन्ही कार्डं एकाच पीसीआयई स्विचखाली असलेली बरी, आणि आमची दोघं दोन वेगळ्या सीपीयू सॉकेटना, भांडण झाल्यासारखी. स्लॉट बदलायचा तर सर्व्हर बंद करावा लागेल, आणि बंद करायची परवानगी ज्यांच्याकडे मागायची त्यांचाच जॉब त्यावर चालू आहे.