"पृथ्वी जळणारच आहे" म्हणताय ना, मग पुढचं वचन पण वाचा

आमच्या मामींनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकलाय. ज्वाळांमध्ये पेटलेला पृथ्वीचा गोळा, त्यावर पिवळ्या जाड अक्षरात "ख्रिस्ती बांधवांनो, सावध!" आणि खाली पाच मुद्दे. हाच मेसेज आधी तरुण संघाच्या ग्रुपवर फिरून गेला होता तेव्हा मी सोडून दिलं, पण मामींनी वर "खरंच आहे" लिहून स्वतःच्या मुलाला टॅग केलंय, "बघ, हेच सांगत होते तुला". तो पोरगा पर्यावरण शास्त्र शिकतोय आणि रविवारी चर्चमध्ये गिटार पण वाजवतो. म्हणजे आता त्याने दोन्हीतलं एक निवडायचं की काय? म्हणून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिलीय, त्यामुळे ती हवी तशी वापरा. जलप्रलयानंतर देवाने नोहाला ऋतू थांबणार नाहीत असं वचन दिलंय, त्यामुळे हवामान बदल वगैरे खोटं. शेवटी पृथ्वी जळून जाणारच, तेव्हा तिची काळजी करणं म्हणजे अविश्वास. हे सगळं पोपने आणि निसर्गपूजकांनी आणलेलं खूळ आहे. आणि मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम फक्त आत्मे वाचवायचं.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण डोकं तिथेच फिरलं. आधार दिलाय बायबलमधल्या २ पेत्र ३:१० चा, आकाश मोठा नाद करत नाहीसं होईल, सृष्टितत्त्वं तापून लयाला जातील. बरोबर, आहे असं वचन. पण फोटोत ते १० वरच कापलंय! ११ वं वचन काय विचारतं, तर हे सगळं असं लयास जाणार आहे म्हणून तुम्ही कसे लोक असायला पाहिजे, पवित्र आचरणाने आणि सुभक्तीने कसं राहायला पाहिजे. म्हणजे पेत्र शेवटाची गोष्ट सांगतो ती लोकांनी नीट वागावं म्हणून, आणि आपले लोक तीच गोष्ट कसंही वागायला परवानगी म्हणून वापरतात. १३ व्या वचनात नवी पृथ्वी आहे आणि तिच्यात नीतिमत्त्व वास करतं असं लिहिलंय, त्याचा तर पत्ताच नाही मेसेजमध्ये. अजून एक, त्याच अध्यायात थोडं वर पेत्र नोहाच्या जलप्रलयाचं उदाहरण देतो, तेव्हाच्या जगाचा पाण्याने नाश झाला म्हणतो. आता त्या "नाश झालेल्या" जगात नोहाने बाहेर येऊन काय केलं? द्राक्षमळा लावला. जमीन तीच होती. त्यामुळे नाश म्हणजे सगळं पुसून टाकणं असाच एक अर्थ धरून बसायचं आणि त्यावरून कचरा जाळा, झाडं तोडा, चालतंय म्हणायचं हे वचनाच्या नावावर स्वतःचा आळस खपवणं आहे. मातीत तर आपलं शरीर पण मिळणार आहे, पुनरुत्थानात नवं मिळेल यावर आपला विश्वास आहे, पण म्हणून काही मामी बीपीची गोळी बंद करत नाहीत. आणि शेवटच्या दिवसांचं एवढंच वेड असेल तर प्रकटीकरण ११:१८ वाचा, पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांची नासाडी करायची वेळ आली असं स्पष्ट लिहिलंय. हे वचन कुठल्याच फोटोवर छापलेलं मी पाहिलं नाही.

आता सत्ता. उत्पत्ती १:२८. इथे पण तीच कापाकापी. लगेच पुढच्या दोन वचनांत देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि फळं अन्न म्हणून देतो आणि जनावरांना, पाखरांना हिरवा पाला देतो, म्हणजे ताटात वाटा सगळ्यांचा आहे. दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलंय. आणि लेवीय २५ मध्ये तर देव सरळ म्हणतो जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहताय, सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्या. लोकांनी दिली नाही. मग २ इतिहास ३६:२१ बघा, लोक बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात आणि इकडे ओसाड जमीन सत्तर वर्षं आपले राहिलेले शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा काळ, भोगतेय. देवाने जमिनीची थकबाकी मोजून वसूल केली हो! ज्याला हे वाचून पण "हवी तशी वापरा" सुचतं त्याला काय बोलणार.

नोहाचं वचन. पृथ्वी राहील तोवर पेरणी, कापणी, उन्हाळा, हिवाळा थांबणार नाहीत, उत्पत्ती ८:२२. त्यात पाऊस वेळेवर पडेल, दुष्काळ येणार नाही असं कुठे आहे? नंतर योसेफाच्या काळात सात वर्षं दुष्काळ पडलाच की. आणि पुढच्याच अध्यायात देव करार करतो तो फक्त नोहाशी नाही, तारवातून, म्हणजे त्याच्या जहाजातून, निघालेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी. "हवामान आधीपण बदलायचंच" हे मेसेजमधलं वाक्य अर्धं खरं आहे, मान्य, पण यावेळी कारण आपण आहोत. कारखाने यायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय, आणि हा वाढीव कार्बन कोळसा-तेलातला आहे हे त्याच्या समस्थानिकांवरून (कार्बनच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) ओळखता येतं. हे "नास्तिक शास्त्रज्ञांचं कारस्थान" म्हणणाऱ्यांसाठी, आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, पहिल्या तीन अहवालांच्या विज्ञान विभागाचं काम ज्यांनी पाहिलं ते सर जॉन हॉटन पक्के इव्हँजेलिकल (बायबल आणि सुवार्ता केंद्रस्थानी मानणारे) ख्रिस्ती होते.

पोपचं खूळ? पोप फ्रान्सिस यांचं सृष्टीच्या काळजीवरचं पत्र, लाउदातो सी, २०१५ चं. ऑर्थोडॉक्स मंडळीने १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस १९८९ मध्येच ठरवला होता. आणि आपण प्रोटेस्टंट म्हणून कॅथलिकांचं ऐकायचं नसेल तर २०१० चा केप टाउन जाहीरनामा घ्या. बिली ग्रॅहम आणि जॉन स्टॉट या नामांकित प्रचारकांच्या लोझान चळवळीचा, म्हणजे जगभरच्या इव्हँजेलिकलांच्या सुवार्ता चळवळीचा, आहे, यांच्यापेक्षा इव्हँजेलिकल अजून कोण पाहिजे? त्यात म्हटलंय की निर्मिती, तारण आणि वारसा या तिन्ही हक्कांनी जे ख्रिस्ताचं आहे त्याची नासधूस करत आम्ही देवावर प्रेम करतो असं म्हणू शकत नाही. सृष्टीची काळजी हा सुवार्तेचाच विषय आहे असंही तिथेच लिहिलंय.

निसर्गपूजेबद्दल थोडं मान्य करतो, नाइलाजाने. काही ठिकाणी पर्यावरणाच्या नावाने उपासना होते त्यात झाडं लावा, प्लास्टिक टाळा एवढंच असतं आणि येशूचं नाव शेवटच्या प्रार्थनेत तोंडी लावायला येतं. मलाही ते खटकतं. पण त्यावर उपाय म्हणजे उपासना नीट घ्या, सृष्टीच सोडून देऊ नका. स्तोत्र १०४ मध्ये सिंह, करकोचे, लिव्याथान हा समुद्रातला महाकाय प्राणी, सगळे आहेत आणि स्तुती मात्र फक्त देवाचीच आहे.

राहिला आत्मे वाचवायचा मुद्दा. याकोब २ मध्ये एक माणूस उघड्या-उपाशी भावाला म्हणतो, सुखे जा, ऊब घे, तृप्त हो, आणि देत काहीच नाही. ज्यांनी सगळ्यात कमी धूर सोडला त्यांचीच शेतं आधी वाळतायत आणि घरं आधी वाहून जातायत, हे आयपीसीसीने २०२३ च्या अहवालात नोंदवलंय, आणि त्यातली कितीतरी माणसं आपल्याच विश्वासातली आहेत. त्यांना हा पेटलेला गोळा पाठवून बघा, आणि मग आत्म्यांबद्दल बोला.