आधी कुणाकडे दाखवली होती?

गाडी बिघडते याचं मला काही वाटत नाही. यंत्र आहे, बिघडणारच. धडकी भरते ती पुढच्या विचाराने, की आता ही कुणाला तरी दाखवायला हवी. ओळखीतल्या प्रत्येकाकडे एक 'आपला माणूस' असतो. 'फक्त माझं नाव सांग, फसवायची हिंमत नाही त्याची,' असं छातीठोकपणे सांगितलं जातं. आपण जातो, नाव सांगतो. आपला माणूस पान्हा हातात धरून क्षणभर छताकडे बघतो आणि म्हणतो, 'हां हां, ते होय!' त्या दोन 'हां'मधल्या अंतरातच कळून चुकतं की त्याला कुणीही आठवलेलं नाही.

माझ्या गाडीचं दुखणं साधं होतं. मागून आवाज यायचा. रस्ता गुळगुळीत असला की गप्प, खड्डा आला की खड-खड-टक्. गॅरेजवाला शेजारी बसला रे बसला की मात्र आवाज गायब. घरात धिंगाणा घालणारं पोर पाहुण्यांसमोर हाताची घडी घालून बसावं, तशी गाडी चालायची. मग तो आवाज तोंडाने काढून दाखवायची जबाबदारी माझ्यावर येई. 'टक् की ठक्?' मेकॅनिक गंभीरपणे विचारतो. आपण दोन्ही करून दाखवतो. तोवर गॅरेजमधली पोरं गाड्यांखालून माना बाहेर काढून ऐकायला लागलेली असतात. एकाने तर 'परत एकदा' अशी फर्माईशही केली.

बॉनेट उघडल्यावर पहिला प्रश्न सगळीकडे ठरलेला. 'आधी कुणाकडे दाखवली होती?' हा प्रश्न नसतोच, आरोपपत्राचं पहिलं पान असतं. आत एक नजर टाकायची, जिभेने च्यक् करायचं आणि म्हणायचं, 'हे कुणी केलंय?' आधीच्या मेकॅनिकने काम फार सुरेख केलंय असं म्हणणारा मेकॅनिक मला अजून भेटायचा आहे. या हिशेबाने जगातला प्रत्येक मेकॅनिक हा पुढच्याच्या मते अडाणी आहे. मी आता एवढंच बघतो, की आधीच्याने नेमकं काय बिघडवलं ते हा माणूस बोट ठेवून दाखवतो, की नुसताच च्यक् करतो.

त्यानंतर होतं काळ्या ऑइलचं नाट्य. डिपस्टिक बाहेर काढायची, पांढऱ्या फडक्यावर पुसायची आणि तो काळा डाग काही न बोलता आपल्यासमोर धरायचा. आपण हादरतो. खरं तर इंजिनातली काजळी आणि घाण धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे ते काळं पडणारच. डिझेल गाडीत तर नवं ऑइल बघता बघता काळं होतं. बदलायचं कधी, ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात किलोमीटर आणि महिन्यांच्या हिशेबाने छापलेलं असतं. पण ते पुस्तक आपण प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर काढलेलं नसतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गाडीखाली टपटपणाऱ्या पाण्याचंही तेच. एसी चालू असेल आणि पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल, तर ते हवेतलं बाष्प आहे, त्याला गळू द्यावं. रंगीत, चिकट किंवा गोडसर वासाचं असेल तर मात्र ते इंजिन थंड ठेवणारं कूलंट, तिथे हयगय नको.

पुढे कुणीतरी सुचवलं की असल्या जुनाट ठिकाणी जाऊच नये, आता सगळं कॉम्प्युटरवर कळतं. म्हणून एका चकाचक वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे बसायला सोफा होता आणि कुणाच्याही नखात ग्रीस नव्हतं, याचाच मला थोडा संशय आला. एका तरुणाने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. मी म्हटलं, 'आवाज मागून येतोय.' तो म्हणाला, 'कॉम्प्युटर सांगेल.' आता स्कॅनर वाचतो ते सेन्सरांनी नोंदवलेलं, आणि खडखडीला सेन्सर नसतो. पण यंत्राने रिकाम्या हाताने परत यायचं नाही असं ठरवलं असावं. त्याने पी०४२० नावाचा एक कोड शोधून काढला. 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, साहेब. आवाजाचं नंतर बघू.' या कोडचा अर्थ एवढाच, की कन्व्हर्टरचं धूर साफ करायचं काम पुरेसं होत नाहीये असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय. कारण कन्व्हर्टर असेल, ऑक्सिजन सेन्सर असेल किंवा सायलेन्सरच्या पाइपातली एखादी गळतीही असेल. कोड चौकशी कुठून सुरू करायची ते सांगतो, निकाल देत नाही. मी तसं म्हटल्यावर तरुण दुखावला. 'मी नाही, कॉम्प्युटर म्हणतोय.' पूर्वी दोष देण्यासाठी निदान आधीचा मेकॅनिक तरी लागायचा.

एका गॅरेजमध्ये शॉकअप, लिंक रॉड, सगळे बुश आणि वर चारही चाकांचे ब्रेक पॅड, अशी यादी निघाली. तोवर मी एक वाक्य शिकलो होतो: 'जुने पार्ट मला परत द्या.' हे अगदी सहज, मोबाइलकडे बघत म्हणायचं आणि समोरच्याचा चेहरा वाचायचा. सरळ माणूस 'डिकीत टाकू का?' असं विचारतो. इथे मालकाने विचारलं, 'तुम्ही काय करणार त्यांचं?' मी म्हटलं, 'आठवण म्हणून ठेवीन. आधी पॅड तर दाखवा.' पोराने नाइलाजाने पुढचं एक चाक काढलं. नवीन पॅडवर घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो, 3 मिलिमीटरच्या आसपास आला की बदलतात. माझा निम्म्याहून जास्त शिल्लक होता. शिवाय बऱ्याच पॅडना धातूची एक छोटी पट्टी असते. थर झिजत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. ती पट्टी अजून गप्प होती. मालकाने वाकून पाहिलं आणि मोठ्या मनाने मला सूट दिली, 'चालतील मग अजून थोडे दिवस.'

शेवटी एकाने बॉनेटला हातच लावला नाही. आवाज गाडी भरलेली असताना येतो की रिकामी असताना, ब्रेक दाबला की थांबतो का, सकाळी वेगळा येतो का, असं विचारत बसला. मग म्हणाला, 'तुम्ही चालवा, मी मागे बसतो.' एक चक्कर मारून आल्यावर मी विचारलं, 'काय झालंय?' तो म्हणाला, 'माहीत नाही. बघावं लागेल.'

खरं सांगतो, मी तिथून निघणारच होतो. ज्याला माहीत नाही त्याच्याकडे गाडी कशाला ठेवायची? ठणकावून चुकीचं सांगणारे एवढे भेटले होते की खरं बोलणारा मला कच्चा वाटला. त्याने डिकी उघडली, खालचा गालिचा उचलला, आत हात घातला आणि जॅक हलवून दाखवला. खड-खड-टक्. माझ्या नकलेपेक्षा पुष्कळ बरा. जॅकचा स्क्रू हाताने फिरवून त्याने तो जागेवर घट्ट बसवला आणि हात पुसले. पैसे घेईना.

मलाच अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, 'आणलीच आहे तर ऑइल बदलून टाका.' त्याने किलोमीटर विचारले. 'वेळ आहे अजून.' 'इंजिन फ्लश तरी?' 'कशाला?' 'निदान अलाइनमेंट?' 'गाडी एका बाजूला ओढते का?' 'नाही.' 'मग राहू द्या.'

घरी आलो. दारातच चौकशी झाली.

'काय केलं त्याने?'

'काही नाही. जॅक आवळला.'

'आणि घेतले किती?'

'काहीच नाही.'

'बाई गं! मग एखाद्या चांगल्या मेकॅनिकला दाखवा ना!'