आत्या, तो खलबत्ता आधी खाली ठेव

रविवारी आत्याकडे गेलो तर खिडकीत ताटलीभर चेरीच्या बिया वाळत घातलेल्या. शेजारी खलबत्ता. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला होता: बी फोडून आतला गर दुधात वाटून घ्या, त्यात ‘जीवनसत्त्व बी-१७’ असतं, कॅन्सर परत फिरकत नाही. आत्याच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली आहेत. अशा बाईला हे पाठवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का?

बी-१७ नावाचं जीवनसत्त्वच नाही. त्या नावाने खपवतात ते अमिग्डालिन नावाचं द्रव्य. ते चेरीच्या बीतल्या गरात असतं, जर्दाळूच्या कडू बीतही असतं. तो गर चावला किंवा वाटला की सायनाइड सुटतं. म्हणजे खलबत्त्यात कुटणं हीच नेमकी विष मोकळं करायची रीत! आणि हे काय कुणी तपासलं नाही असं नाही. अमेरिकेत १७८ कॅन्सर रुग्णांना अमिग्डालिन देऊन पाहिलं, १९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. आजार बरा झाला नाही, आयुष्यही वाढलं नाही. उलट काहींच्या रक्तात सायनाइड जिवावर बेतेल इतकं चढत गेलं. तेव्हाच निकालात निघालेलं हे खूळ आज आमच्या आत्याच्या फोनवर.

(एखादी बी अख्खी गिळली गेली तर घाबरू नका, तशीच बाहेर पडते. लहान मुलांच्या मात्र घशात अडकू शकते, त्यांना बी काढूनच द्या.)

त्याच निरोपात पुढे म्हणे, चेरी खा आणि गाऊटच्या (सांधे सुजून ठणकतात, त्या आजाराच्या) गोळ्या बंद करा. चेरी खाणाऱ्यांना गाऊटचे झटके कमी येतात असं एका पाहणीत दिसलंय, बरं, तेवढं मान्य. पण त्याच पाहणीत चेरी आणि गोळी दोन्ही घेणाऱ्यांना जास्त फायदा दिसला. गोळी बंद करायचं कुठून आलं?

शिवाय त्यातच: ‘बाजारातली चेरी म्हणजे रंगवलेलं करवंद.’ केकवरची, मसाला पानात टोचलेली ती पाकातली, बहुतेक वेळा करवंदच. पण मे-जूनमध्ये काश्मीर-हिमाचलहून खोक्यातून देठासकट येते ती चेरीच. आत एकच टणक बी, करवंदासारख्या बारीक चार-पाच नाहीत.

रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवली की महिनाभर टिकते? अहो, झाडावर पिकलेली चेरीसुद्धा पावसाचं पाणी पिऊन तडकते. फुटकी-मऊ आधी निवडून काढा, उरलेली न धुता, देठ न तोडता, डब्यात कागद घालून फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभर छान राहते. खाताना लागेल तेवढीच धुवा. आणि ‘बाहेर ठेवली की पिकते’ म्हणायला तो काय आंबा आहे? तोडताना जेवढी गोड, तेवढीच.

चेरीवर पाणी पिऊ नये, या मुद्द्यावर मी वेळ घालवत नाही.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं, या बिया कुंडीत तरी लावू का?”

लाव म्हटलं. पुण्याच्या एवढ्याशा थंडीत चेरी धरायची नाही, पण कुंडीत असेपर्यंत खलबत्त्यात तरी जाणार नाहीत.