थेट बँक खात्यात

बायकोच्या भाजणी-मेतकुटाची वेबसाइट झाली आणि घरात कारकुनाची एक जागा निर्माण झाली. अर्ज न करता ती मला मिळाली.

कार्डाच्या प्रत्येक ऑर्डरमागे पैसे पोचवणारे गेटवेवाले दोन टक्क्यांच्या आसपास कापतात, आणि त्या कापण्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. यूपीआय 2016 पासून आहे. पण 'ते क्यूआर-बिआर नको बुवा' म्हणणारं गिऱ्हाईक आमच्याकडे बरंच. थालीपीठ खाणाऱ्यांची वयं बघता ते साहजिकही आहे. म्हणून 'थेट बँक खात्यात भरा' हाही पर्याय ठेवला. कमिशन वाचलं. माझी दुपारची झोप गेली.

"पाचवं अक्षर ओ ना?"

"नाही काका, शून्य. आयएफएससीत पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, पुढची सहा शाखेची."

"दिसतोय तर ओ. आणि मी जन्मभर इंग्रजीच शिकवलंय."

यावर काय बोलणार? मग खाते क्रमांक. मी एकेक आकडा सावकाश सांगतो, काका तो काकूंना ओरडून सांगतात आणि काकू मोबाइलवर दाबतात. बँक तो दोनदा लिहायला लावते, त्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 पर्यंत एक सोय करायला लावली: पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर दिसतं. सोय उत्तमच. फक्त आमचं खातं बायकोच्या माहेरच्या नावाने आहे. "अहो, इथे कुणी भलतीच बाई येतेय!" असा फोन आला की मला आमच्या लग्नापासून सुरुवात करावी लागते.

पैसे सुटले की दुसऱ्या मिनिटाला "आले का?" एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खेपांनी जाते, हे सांगून कुणाचं समाधान होत नाही. डिसेंबर 2019 पर्यंत ती रात्री आणि रविवारी बंद तरी असायची. आता चोवीस तास चालू. "आले का?" पण चोवीस तास.

शेऱ्यात ऑर्डर क्रमांक लिहा, असं ठळक छापलंय. लोक 'श्री' लिहितात. एका गृहस्थांनी पुरावा म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो पाठवला. रकमेवर ट्यूबलाइट चमकत होती आणि उरलेल्या पडद्यात ते स्वतः, बनियनवर, मोबाइल उंच धरून उभे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक सोडून सगळं स्पष्ट दिसत होतं.

पण सावधपणात नाशिकच्या एका निवृत्त ऑडिटरांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी आधी चाचणी म्हणून एक रुपया पाठवला. तो पोचल्याची फोनवर खातरजमा केली आणि मग 640 रुपये पाठवले, पूर्ण. म्हणजे रुपया जास्त झाला. पुढच्या ऑर्डरमध्ये वळता करतो म्हटलं, तर हिशेब लोंबकळत ठेवायला ते राजी नाहीत. त्यांचा खाते क्रमांक आला, आयएफएससी आला, रद्द केलेल्या चेकचा फोटोही आला. मी त्यांचं नाव आमच्या नेटबँकिंगवर चढवलं. नव्या नावावर पैसे लगेच जात नाहीत, काही वेळ थांबावं लागतं, थांबलो. तेवढ्यात त्यांचाच फोन.

"एक सांगायचं राहिलं. पहिलीच वेळ आहे ना, तेव्हा सगळी रक्कम एकदम पाठवू नका."